मदत हवी आहे: सोंगी भजन स्पर्धेत प्रेक्षकांचा कौल टोकनवर घ्यायचाय, चाचणीत रांग तुंबतेय

खानापूर_मांडव

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात दोन रात्रींची सोंगी भजन स्पर्धा आहे. पत्र्याचा मांडव, ६०० खुर्च्या, ९ संघ. परीक्षकांचे ७० गुण, प्रेक्षकांचे ३०. निकाल लागला की "मोजणीत घोळ केलासा" हे ठरलेलंच, म्हणून प्रेक्षकांचा कौल ब्लॉकचेनवर (नंतर गुपचूप बदलता न येणाऱ्या सामायिक नोंदवहीवर) घ्यायचा विचार आहे.

सध्याची मांडणी अशी: तिकिटावरचा क्यूआर स्कॅन केला की पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर वॉलेट (डिजिटल खातं) तयार होतं आणि त्यात ३ टोकन (डिजिटल बिल्ले) येतात, ईआरसी-११५५ या ठरलेल्या पद्धतीचे. मत म्हणजे आवडत्या संघाच्या पत्त्यावर टोकन पाठवणं. फी आमचं एकच खातं भरतं. तेच खातं दोन लॅपटॉपवर चालू आहे, सार्वजनिक आरपीसीवरून (चेनशी बोलायच्या, सगळ्यांना खुल्या सर्व्हरवरून).

अमॉय टेस्टनेटवर (पॉलिगॉनच्या चाचणीच्या चेनवर) स्क्रिप्टनं ३ मिनिटांत २०० मतं टाकली. ६१ गेली, बाकी लटकली. तीन एरर आलटून पालटून येतात: "नॉन्स टू लो", "रिप्लेसमेंट ट्रान्झॅक्शन अंडरप्राइस्ड" आणि "गॅस टिप कॅप" कमी आहे, किमान २५ ग्वेई (फी मोजायचं बारीक एकक) हवी.

ही रांग कशी सोडवायची? मांडवात मोबाइलला रेंजच्या एक-दोनच काड्या असतात, त्याचं काय करायचं? आणि कमिटीतल्या काहींचं म्हणणं असं की प्रेक्षकांनी टोकन विकत घेऊन संघाला बक्षीस द्यावं, संघानं ते नंतर रुपयांत बदलून घ्यावं. जमेल का?

गॅसमोजणी

फीची काळजी आधी सोडा. चेनवरचं काम गॅसमध्ये मोजतात, फी त्यावर ठरते. मूळ व्यवहाराचे २१,०००, नवी नोंद लिहायचे २०,००० च्या वर, बेरीज बदलायचे ५,००० धरले तर एका मताला ढोबळ ५०,००० गॅस. ६०० जणांची ३-३ मतं म्हणजे १,८०० व्यवहार, ९ कोटी गॅस. ३० ग्वेई दरानं २.७ पीओएल (पॉलिगॉनचं चलन). मांडवाच्या खर्चात हे दिसणारसुद्धा नाही.

घोळ रांगेत आहे. एका खात्याचे व्यवहार नॉन्सच्या, म्हणजे अनुक्रमांकाच्या, क्रमानंच जातात. तुमचे दोन लॅपटॉप एकाच किल्लीनं (खात्याच्या गुप्त डिजिटल चावीनं) सही करतात, दोघंही "पुढचा नॉन्स किती" असं आरपीसीला विचारतात आणि दोघांना एकच उत्तर मिळतं. सार्वजनिक आरपीसीमागं अनेक नोड (चेनची प्रत ठेवणारी यंत्रं) असतात, त्यातला एखादा मागं राहिला की शिळा आकडा येतो. त्याच नॉन्सवर दुसरा व्यवहार टाकायचा तर फी किमान १० टक्के जास्त लागते, नाहीतर "रिप्लेसमेंट" एरर. तिसरी एरर सरळ आहे: तुमची लायब्ररी (तयार कोड) टिप, म्हणजे वरची फी, आपोआप दीड ग्वेई लावत असणार, ती हातानं ३० करा.

दुरुस्ती: किल्ली एकाच यंत्रावर ठेवा. नॉन्सची मोजणी सुरुवातीला एकदा आरपीसीकडून घ्या, पुढं स्वतःच्या प्रोग्राममध्ये एकेक वाढवा. एक व्यवहार अडकला तर त्याच नॉन्सवर वाढीव फीनं पुन्हा पाठवा, तो सोडून पुढं जाऊ नका. मागचे सगळे त्याच्यासाठी थांबतात.

निपाणी_नोड

गॅसमोजणींचं निदान बरोबर आहे, पण मुळात प्रत्येक मत चेनवर नेताय कशाला ओ? भांडण मोजणी नंतर बदलण्याचं आहे. म्हणजे चेनचं काम एकच, बंद झालेल्या पेटीला लाख लावणं. मतं मांडवातच गोळा करा.

फोनच्या ब्राउझरमध्ये किल्ली तयार होते. तिकिटावरचा कोड पहिल्यांदा वापरला की तो त्या किल्लीला बांधला जातो. मतावर फोन ईआयपी-७१२ या पद्धतीनं डिजिटल सही करतो आणि ती मांडवातल्या लॅपटॉपवर जाते. लॅपटॉप उलट स्वतःची सही केलेली पावती देतो. मतदान बंद झालं की सगळ्या मतांचा मर्कल वृक्ष करा (प्रत्येक मताचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, जोडीजोडीनं एकत्र करत एका मुळाशी आणायचा) आणि फक्त मुळाचा ३२ बाइटचा हॅश व एकूण मतदारांचा आकडा चेनवर टाका. रात्रीला एक व्यवहार. तो नोंदला गेल्यावरच माइकवर निकाल वाचा, त्याआधी नाही. हा क्रम चुकला की सगळा खटाटोप फुकट.

६०० मतदारांना वृक्षाची उंची १० होते (२ चा १० वा घात १,०२४), म्हणजे आपलं मत मोजलंय का हे तपासायला १० हॅश, ३२० बाइट. पानाचा (एका मतदाराच्या नोंदीचा) हॅश दोनदा घ्या, नाहीतर मधली गाठच पान म्हणून खपवता येते. पानात तिकिटाचा गुप्त कोडही मिसळा. ९ संघांचे मोजकेच पर्याय असतात, कोड नसेल तर कुणीही हॅश करून करून कुणाचं मत काय हे ओळखेल.

एक खोट राहतेच: ज्याच्याकडं कोड आहे तो आपलं मत दुसऱ्याला सिद्ध करून दाखवू शकतो, म्हणजे विकूही शकतो. विधानसभेला हे चालणार नाही. भजनाला चालवून घ्यावं.

तरी टोकन आठवण म्हणून द्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी ५०-५० च्या बॅचनं द्या, आणि ते पुढं पाठवता येऊ नये असं करा. ओपनझेपेलिन या तयार कोडसंचाच्या ५ व्या आवृत्तीत सगळी हस्तांतरं "अंडरस्कोर अपडेट" या एका फंक्शनमधून जातात. पाठवणारा शून्य पत्ता (तो नवं टोकन बनतानाच असतो) नसेल तर तिथंच रिव्हर्ट, म्हणजे व्यवहार रद्द, करा. बॅचमध्ये एक पत्ता बिघडला की ५० च्या ५० परत येतात, एवढं ध्यानात ठेवा.

केबलवाले_अण्णा

नेटवर्कचं माझ्याकडून. मोबाइल डेटावर विसंबू नका, मांडवात स्वतःचं वायफाय लावा. एका अॅक्सेस पॉइंटवर (वायफायच्या डब्यावर) ५०-६० चालू फोन धरा, म्हणजे १० ते १२ लागतील. ५ गिगाहर्ट्झवर, शेजारच्यांचे चॅनल वेगळे. पत्र्याच्या छतानं सिग्नल उसळतो, म्हणून पॉवर कमी ठेवा आणि पॉइंट खांबाला माणसाच्या डोक्याच्या थोडं वर बांधा.

इथं सगळे फसतात ती जागा: लॅपटॉपचा नुसता आयपी टाकून साध्या एचटीटीपीवर पान उघडलं तर ब्राउझर कॅमेराही देत नाही आणि किल्ली बनवायची क्रिप्टो सोयही देत नाही. खरं डोमेन घ्या, लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षा-प्रमाणपत्र डीएनएस पद्धतीनं (डोमेनच्या नोंदीतून मालकी दाखवून) आधीच काढा आणि ते नाव मांडवातल्या राउटरवर लॅपटॉपकडं वळवा. वायफायला मागून थोडं तरी इंटरनेट द्या. "इंटरनेट नाही" दिसलं की अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो.

तिकीटखिडकी

क्यूआर दिसला की आपल्याकडं माणूस फोनपे उघडतो. तिथं "अवैध क्यूआर" येतं आणि लोक तिकीट परत आणून देतात. कोडच्या वर ठळक छापा, मराठीत आणि कन्नडमध्ये: "पैसे द्यायचे नाहीत. कॅमेऱ्यानं स्कॅन करा." कोड किमान अडीच सेंटिमीटरचा, चकचकीत कागद नको. अंधारात कॅमेरा धरत नाही, म्हणून स्कॅन दारातच करून घ्या. कोड पडद्यावर दाखवायचा बेत असेल तर अंतराच्या दहावा भाग हा हिशोब: शेवटची रांग २५ मीटरवर, तर कोड अडीच मीटरचा.

खरा धोका गावकीचा. एकाच गावानं १५० तिकिटं उचलली तर टोकन हस्तांतरित न होण्यानं काही अडत नाही, तिकीट हातोहात जातंच. म्हणून कोडवर खरवडायची पट्टी लावा, आणि दारात तिकीट फाडल्यावरच कोड सक्रिय करा. आणि ३ टोकन एकाच संघाला देऊ देऊ नका. पहिली, दुसरी, तिसरी पसंती सक्तीची, गुण ३-२-१, तीन वेगळे संघ. मग गावच्या संघाला एका तिकिटाचे फार तर ३ गुण मिळतात, सहातले ३ बाहेर जातातच. चालू आकडे पडद्यावर अजिबात दाखवू नका.

ताळेबंद

बक्षिसाचं: नको. विकत घेतलेलं, दुसऱ्याला देता येणारं, रुपयांत बदलणारं टोकन म्हणजे आभासी डिजिटल मालमत्ता. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, तोटा कशातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर ठरावीक मर्यादेपलीकडं १ टक्का टीडीएस. बदलून देणारी कमिटी मार्च २०२३ नंतरच्या मनी लाँडरिंग नियमांच्या तोंडाशी उभी राहते, ते वेगळंच. "विजेता ओळखा, बक्षीस जिंका" हेही पैशाच्या टोकनवर नको, २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा आहे. तिकिटासोबत फुकट, न विकता येणारं, रुपयांत न बदलणारं, एवढ्यावर थांबा. आणि कमिटीच्या सीएला कागद दाखवा. दौलतजादा करायची हौस असेल तर संघाचा यूपीआय क्यूआर स्टेजच्या बाजूला लावा की.

खानापूर_मांडव

सगळ्यांचे आभार. निपाणी_नोड यांच्या पद्धतीनं करतो. एकच राहिलं: निम्मे प्रेक्षक बटणाच्या फोनवाले, आज्ज्या तर फोनच आणत नाहीत. त्यांचं मत?

तिकीटखिडकी

खरवडपट्टीखाली क्यूआरच्या खाली ८ अक्षरांचा कोडही छापा. शून्य, ओ, एक, आय, एल ही अक्षरं वगळून. दाराजवळ दोन टेबलं, प्रत्येकी एक टॅबलेट, एक कार्यकर्ता. टॅबलेटवर संघांची नावं नकोत, सोंगांचे फोटो ठेवा. आजी बोट ठेवून सांगतील. पावती छोट्या थर्मल प्रिंटरवर. एका टॅबलेटवरून मिनिटाला १० पेक्षा जास्त चुकीचे कोड आले तर तो बंद पडेल असं करा. आणि या मतदारांसाठी मतदानाची खिडकी ३ मिनिटांची नको, शेवटच्या संघानंतर निदान २५ मिनिटं ठेवा. तेवढ्यात चहा होतो.