दोन कयाक, एक तंबू आणि साडेचार लाख: जुनी बोलेरो घेऊ का ईको?

कंदीपेढा (सातारा)

मंडळी, भांडा पण मुद्द्यावर भांडा. माझ्याकडं दोन कयाक आहेत, दोन्ही प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या. एक सिंगल 10 फुटी, 22 किलोची आणि एक डबल, 12 फुटी, 32 किलोची. आत्तापर्यंत मित्राच्या पिकअपमधनं न्यायचो, त्यानं पिकअप विकली आणि माझ्या होड्या चार महिने जिन्याखाली पडून आहेत, त्यावर आता आईनं वाळवण घालायला सुरुवात केलीय. सेकंडहँड गाडी घ्यायचीय, बजेट साडेचार लाख, वर पाच-पंचवीस हजार इकडंतिकडं. जाणं कुठं तर कण्हेर आणि धोम धरणं, आणि कास रोडनं बामणोली, म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ. ऑक्टोबर ते मे, महिन्यातनं दोन वेळा, त्यातली एखादी रात्र तंबूत. मी, बायको आणि 11 वर्षांची मुलगी. बाकीचे दिवस गाडी मला ऑफिसला आणि वडलांना शेतावर जायला.

दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक 2013 ची बोलेरो, एमएच 10 पासिंग, दिसायला एकदम चकाचक. दुसरी 2018 ची ईको पाच सीटर, सीएनजीवाली, कऱ्हाडची. माझं मन बोलेरोवर, बायकोचं ईकोवर. बोला.

घाटवाला

यात विचारायचं काय, बोलेरो. चेसीवर बसलेली गाडी, मागं पाटे, छताला पन्हळ आहे त्यामुळं कॅरियर चारी बाजूनं पकडून बसतो, नवीन गाड्यांसारखं दाराच्या फटीत क्लॅम्प अडकवून देवाचं नाव घ्यायला नको. आणि बंद पडली तर मेढ्यात काय न् बामणोलीच्या टपरीवर काय, कुणीतरी पाना घेऊन येतोच. ईको म्हणजे पत्र्याचा डबा हो. दूधवाल्यांची गाडी.

रानवाटा (वाई)

घाटवाला दादा, तुम्ही कधी एकट्यानं कयाक छतावर चढवलीय का? खरं सांगा.

मी धोमला एकटी जाते, माझी जुनी वॅगनआर आहे. उंची साधारण 1700 मिमी. बोलेरोची 1880. म्हणजे वीतभर जास्त, त्यावर कॅरियर. आता हे कागदावर काहीच वाटत नाही. पण सकाळी जाताना नाही हो कळत, कळतं ते परत येताना. तीन तास वल्हवून खांदे गेलेले असतात, हात ओले, कयाकच्या पोटात अजून दोन तांबे पाणी हिंदकळतंय, आणि वारा बरोब्बर त्याच वेळी सुटतो. माझी पद्धत अशी: गाडीच्या मागच्या कडेवर जुनी गोधडी टाकायची, कयाकचं नाक त्यावर टेकवायचं, मग मागं जाऊन शेपूट उचलायचं आणि फडताळात ताट सरकवल्यासारखं पुढं ढकलायचं. एका वेळी अर्धंच वजन हातात येतं. हे छातीएवढ्या उंचीपर्यंत जमतं, खांद्यापर्यंत कसंबसं जमतं, डोक्याच्या वर गेलं की दुसरा माणूस लागतो. आणि दुसरा माणूस म्हणजे, कंदीपेढा, तुमच्या मंडळी, ज्यांचं मत तुम्ही दोन शब्दांत उरकलंत.

गाडी बघायला जाल तेव्हा मीटर नंतर बघा, आधी छताला हात लावून बघा.

घाटवाला

ताई, मागच्या टायरवर पाय ठेवून चढता येतं. आमच्याकडं लग्नाची कपाटं चढवलीत बोलेरोवर.

रानवाटा (वाई)

कपाट परत ओलं होऊन येत नाही.

नियमावर बोट

उंचीबरोबर लांबीचं पण बघा. डबल कयाक 12 फूट म्हणजे 366 सेंटिमीटर. ईकोची लांबी 367.5. म्हणजे नीट मधोमध बांधली तर बंपर ते बंपर बसते, बोटभर राहते. बोलेरो जवळपास चार मीटर, तिथं प्रश्नच नाही. हे कशासाठी सांगतोय तर 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला त्यात माल गाडीच्या मर्यादेबाहेर आला तर 20 हजार दंड आणि वर माल उतरवायचा खर्च असं आलंय. ईकोत मागचं दार उघडं ठेवून कयाक आत घालीन असं कुणी सुचवायच्या आधीच सांगून ठेवतो.

आणि छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते वाचा. तुमच्या दोन होड्या 54 किलो, लोखंडी कॅरियर अजून 15 किलो धरा. सत्तरला पोचलात. कॅरियरचं वजन कुणी धरतच नाही.

नाव नको

जिप्सी घ्या. फोर बाय फोर. विषय कट.

पवनचक्की

झालं, आली जिप्सी. भाऊ, साडेचार लाखात जिप्सी मिळेल ती आधी बघायला लागेल की गाडी आहे का आठवण आहे.

मे महिन्यात शिवसागरचं पाणी किती मागं हटतं माहितीय ना? दिवाळीत जिथं होडी पाण्यात ढकलतो तिथनं पाणी लांब दिसायला लागतं, मधी नुसता गाळ. वरनं वाळून भेगाळलेला, खाली खव्यासारखा. गेल्या वर्षी माझ्यासमोर एक फोर बाय फोरवाला अगदी पाण्यापर्यंत नेतो म्हणून उतरला आणि चाकं निम्मी आत. ट्रॅक्टर येईस्तोवर अंधार पडला, आणि त्याच्या होड्या शेवटी चौघांनी खांद्यावर नेल्या. मी आपली गाडी डांबरावर लावतो आणि कयाकला दोन चाकांची ढकलगाडी आहे, जुन्या बाबागाडीची चाकं लावून वेल्डरकडनं करून घेतलीय. ती ओढत नेतो. लोक हसतात.

गाडी कुठली का घेईना, बांधायचं नीट शिका. पहिल्या वर्षी मी ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टा वापरला, कर्रकर्र करून आवळला आणि एप्रिलच्या उन्हात यवतेश्वरच्या घाटात चहाला थांबलो. तासाभरानं बघतो तर कयाकच्या पोटाला पुरीसारखा खड्डा. हे प्लॅस्टिक उन्हानं मऊ पडतं, त्यात पट्टा आवळलेला. नंतर गरम पाणी ओतून आणि उन्हात पालथी ठेवून बराचसा बाहेर आला पण खूण आहे अजून. तेव्हापासनं साधा बकलचा पट्टा, हातानं ओढून बसेल तेवढाच. कयाक पालथी ठेवायची, पट्ट्याला एक पीळ द्यायचा म्हणजे वाऱ्यानं भुंग्यासारखा गुणगुणत नाही, आणि नाकाला-शेपटाला वेगळी दोरी, ती खाली बंपरच्या हुकाला. ही शेवटची दोरी लोक हमखास टाळतात. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीला पवनचक्क्या काय शोभेला उभ्या नाहीत, त्या पठारावर आडवा वारा आला की छतावरची होडी सुकाणू हातात घेते.

हवाभऱ्या

तुम्ही सगळे चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताय. गाडी नका बदलू, होडी बदला. हवेची कयाक घ्या, पंधराएक किलोची पिशवी, कुठल्याही गाडीच्या डिकीत जाते, ना कॅरियर ना दंड ना पाठदुखी. मी स्विफ्टमधनं फिरतो. दहा मिनिटं पंप मारला की झालं.

रानवाटा (वाई)

आणि धोमच्या काठाला बाभळीचे काटे आहेत ते?

हवाभऱ्या

खाली ताडपत्री टाकायची. पंक्चर किट असतं.

पवनचक्की

मी वापरलीय ती. हलकी म्हणून वारा आला की पानासारखी फिरते, कोयनेच्या मोठ्या पाण्यात दुपारनंतर परत यायला दुप्पट वल्हवायला लागतं. आणि घरी आल्यावर वाळवायची कुठं? ओली गुंडाळली की आठ दिवसांत बुरशी. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बायको होडीसकट बाहेर काढील. पण खरं सांगायचं तर नवख्या माणसाला हवाभऱ्याचं म्हणणं चूक नाही. कंदीपेढाकडं होड्या ऑलरेडी आहेत हा घोळ आहे.

दूधवाला नाही (कऱ्हाड)

ईकोला डबा म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय. सहा वर्षं वापरतोय. पाच सीटरला मागची जागा बघितलीय का कधी? मागचं बाकडं बोल्ट काढून घरी ठेवलं की आख्खं सपाट होतं, चार इंची फोमची गादी कापून घेतली, मी आणि पोरगा आडवे झोपतो. बाजूचं दार सरकतं असल्यामुळं अडचणीत लावली तरी उघडतं, पावसाचं आत बसून चहा करायला बरं (गॅस बाहेर ठेवूनच, उगाच शहाणपणा नको). बोलेरोत मागं दोन आडवी बाकडी, त्यात झोपायचं म्हणजे कुशीवर वळायला खाली उतरायचं.

तोटे पण सांगतो. इंजिन पुढच्या सीटखाली आहे, एप्रिलमध्ये घाट चढताना बूड शेकतं. डिसेंबरात मात्र बरं वाटतं. सीएनजीवर भरलेली गाडी यवतेश्वर चढताना रडते, तिथं पेट्रोलवर टाकायची. सिलिंडर मागची जागा खातो म्हणजे झोपायचा जो फायदा मी वर सांगितला तो सीएनजीवाल्या गाडीत निम्मा कमी करा. कंदीपेढा, तुमची सीएनजीवाली आहे, तेव्हा मेजरटेप घेऊन जा. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) लागते, त्याचा कागद मागा, आरसी बुकात सीएनजीची नोंद आहे का बघा. खाली पण वाकून बघा, ही गाडी बुटकी आहे, बामणोली रोडला पोटाला घासून आलेली असू शकते.

घाटवाला

म्हणजे बूड शेकतं, रडते, घासते, आणि झोपायला जागा निम्मी. मी तरी काय वेगळं सांगत होतो?

दूधवाला नाही (कऱ्हाड)

आणि तरी सहा वर्षं एकदा ढकलली नाही. तुमची कितीदा ढकलली ते पण लिहा की.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणालाच दिसली नाही का रे? 2013 ची बोलेरो, एमएच 10. मर्दा, ती सांगलीची गाडी आहे. दोन महापूर बघितलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलतं, धोक्याची पातळी 45. परत 2021 च्या जुलैत. आमच्या गल्लीत तेव्हा गाड्यांच्या फक्त टपा दिसत होत्या. त्यातल्या निम्म्या विम्यात गेल्या, बाकीच्या धुऊनपुसून, सीटकव्हर बदलून कुठं गेल्या? लांबच्या गिऱ्हाईकाला. सगळ्या एमएच 10 बुडालेल्या नसतात, माझी स्वतःची विश्रामबागेत कोरडी होती, पण बघूनच घ्यायची.

वास बघू नका, वास अत्तर मारून घालवतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत, आतला भाग कुणी धूत नाही. तिथं गाळाची रेघ असते, चहाच्या कपाला असते तशी. मग सीट मागं सरकवा आणि रुळाचे बोल्ट बघा, गंज वरनं आलाय का खालनं. हेडलाइटच्या आत धुरकट रेघ. फ्यूजबॉक्सच्या झाकणाखाली बोट फिरवा, कृष्णेची माती लगेच कळते, बारीक, पावडरसारखी.

आणि होड्या घेऊन आमच्याकडं येणार असाल तर या, पण भिलवडी-औदुंबरच्या बाजूला नदीत मगरी आहेत. गाडीची निवड तिथं दुय्यम आहे.

नियमावर बोट

अजून एक. 2013 ची म्हणजे 2028 ला 15 वर्षं भरणार. मग फिटनेस, री-रजिस्ट्रेशनची फी (2022 पासनं कारला 5 हजार झालीय), पर्यावरण कर, आणि पुढं दर पाच वर्षांनी तेच. हे किमतीतनं कमी करून मागा.

कंदीपेढा (सातारा)

मंडळी, काल बोलेरो बघून आलो. बायकोला घेऊन गेलो (रानवाटा ताई, समजलं). तिनं छताला हात लावला, टाचा उंच करून, आणि माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही.

मग मी सीटबेल्ट ओढला. गाळबिळ काही नाही. एकदम स्वच्छ. पट्टा कोरा करकरीत, चकाकतोय. आणि सीट मात्र दहा वर्षं घासून गुळगुळीत झालेली, स्टिअरिंगचा रंग उडालेला. मालक म्हणाले एकहाती वापरलेली आहे, कुटुंबाची.

कृष्णाकाठ, याचा अर्थ काय काढू?

कृष्णाकाठ (सांगली)

पट्ट्याच्या बुडाला, जिथं तो खाली बोल्टला बांधलेला असतो तिथं एक लेबल शिवलेलं असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते. 2013 च्या गाडीला 2019 नंतरचा पट्टा असेल तर मालकाला एवढंच विचारा, ओ काका, पट्टा का बदलला? आणि गप्प बसा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा.

घाटवाला

अपघातात पण बदलतात पट्टा. लगेच पुरात बुडवू नका गाडीला.

कृष्णाकाठ (सांगली)

मग तर अजूनच छान.

कंदीपेढा (सातारा)

चारही पट्टे नवे होते दादा.

रविवारी कऱ्हाडला ईको बघायला जातोय, मेजरटेप घेऊन. दूधवाला नाही, तुम्ही कऱ्हाडातच ना, अर्धा तास येता का? सिंगल कयाक मित्राच्या टेम्पोतनं घेऊन येतोय, मालकाला सांगितलंय छतावर चढवून बघणार म्हणून. ते आधी नको म्हणाले, मग विचारायला लागले होडी केवढ्याला पडली.