भराव टाकलेली जागा पाणथळ आहे की नाही हे कसं ओळखायचं?

मुलुंडकर_ईस्ट: आमच्या सोसायटीमागे खाडीच्या बाजूला रात्री डंपर येऊन डेब्रिज टाकतात, भरतीला तिथे पाणी चढतं, थोडी तिवरं पण आहेत. वॉचमन म्हणतो ही तर पडीक जमीन. तक्रार कुठे करायची?

चिखल्या: तिवरं आहेत ना, मग विषय संपला!! कांदळवन (तिवरांचं जंगल) म्हणजे सीआरझेड १ अ, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रातला सगळ्यात कडक वर्ग, १००० चौ.मी. पेक्षा मोठा पट्टा असेल तर भोवती ५० मीटर बफर (राखीव पट्टा) पण. आणि एक गोची सांगतो, सीआरझेडमधल्या जागा २०१७ च्या पाणथळ नियमांतून वगळल्यात, मिठागरं आणि भातशेती पण वगळलीय, त्यामुळे 'पाणथळ' म्हणून अर्ज केलास तर टोलवाटोलवी होईल, सरळ वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि तहसीलदारांकडे जा.

रोहित_पक्षी: +१. इस्रोच्या पाणथळ नकाशात साधारण २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्याच जागांची हद्द आखलीय, त्यामुळे नाव नाही म्हणजे पाणथळ नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. गूगल अर्थवर जुन्या वर्षांच्या इमेज काढ, भरती-ओहोटी दोन्हीचे फोटो घे, लोकेशन आणि तारीख दिसली पाहिजे, डंपरचा नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त रात्री एकटा जाऊ नकोस रे.

मुलुंडकर_ईस्ट: थँक्स, पण ठाणे खाडी रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) आहे ना?

चिखल्या: हो, २०२२ पासून, पण सगळी खाडी नाही, हद्द ठरलेलीय. आधी सर्व्हे नंबर काढ, त्याशिवाय कोणी अर्ज हातात घेत नाही.