प्रारूप आराखड्यात आमच्या रानावर क्रीडांगण आलंय. हरकतीत काय लिहायचं?

बावीसगुंठे:
नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावच्या (नाव मुद्दाम लिहीत नाही) नगरपरिषदेने सुधारित विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा लावलाय. दादांनी, म्हणजे वडिलांनी, तो पाहिला आणि मला पुण्याला फोन केला, "आपल्या रानावर हिरवा रंग मारलाय." मी म्हटलं, हिरवा म्हणजे शेतीच असेल, काळजी करू नका. शनिवारी जाऊन बघितलं तर तो हिरवा शेतीचा नाही, क्रीडांगणाचा!

रान 22 गुंठे, पूर्व-पश्चिम 45 मीटर. उत्तरेकडून 18 मीटरचा रस्ता आत घेतलाय, मग क्रीडांगण, आणि दक्षिणेला साडेचार गुंठ्यांची पिवळी, म्हणजे रहिवासी, पट्टी आम्हाला ठेवलीय. घर आणि विहीर दोन्ही क्रीडांगणात. दादा म्हणतात वकील लावू. चुलते म्हणतात काही करू नका, दहा वर्षांनी आरक्षण आपोआप उठतं. मी मसुदा केलाय, "आम्ही अल्पभूधारक शेतकरी असून ही जमीन चार पिढ्यांपासून..." असा. मुदतीचे 11 दिवस उरलेत. कुणी हे केलंय का?

पेन्सिलवाला (निवृत्त):
ताई, 31 वर्षं नगररचनेत आरेखक होतो. मसुदा बाजूला ठेवा. खोटा आहे म्हणून नाही, पण चार पिढ्या प्रत्येक अर्जात असतात आणि नियोजन समितीला त्यावर करता येण्यासारखं काही नसतं. समितीसमोर नकाशा असतो. तो कुठे चुकलाय ते दाखवा.

आधी नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 23 खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग कलम 25 चं सर्वेक्षण, आज जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा. आम्ही त्याला ईएलयू म्हणतो. मग पुढच्या वीसेक वर्षांची लोकसंख्या अंदाजायची. गेली जनगणना 2011 ची, त्यामुळे आकडा किती ताणायचा हे बरंचसं ज्याच्या त्याच्या हातात. त्या डोक्यांना किती शाळा, किती मैदानं, किती दवाखाने लागतील याचं कोष्टक मांडायचं आणि कमी पडेल तेवढी जागा शोधायची. कुठे शोधणार? ईएलयूवर जिथे कोरं दिसतं तिथे. त्यात कुणाचं वैर नसतं. निदान दर वेळी नसतं.

तेव्हा पहिला प्रश्न: ईएलयूवर तुमचं घर आहे का?

तळ्यातमळ्यात:
एवढं डोकं कशाला लावता? टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या आणि मोकळे व्हा.

पेन्सिलवाला (निवृत्त):
पुण्या-मुंबईत ठीक. तालुक्याच्या गावात तो विकत कोण घेणार? तिथल्या बिल्डरला मूळ चटई क्षेत्रच पुरून उरतं. सर्टिफिकेट कपाटात पडून राहील.

बावीसगुंठे:
काका, आज रजा टाकून ईएलयू पाहिला. घर नाही. विहीर नाही. आमच्या गटावर "मोकळी जागा" लिहिलंय! घर 2009 सालचं आहे, पत्र्याचं, दोन मोठ्या आंब्यांच्या खाली.

पेन्सिलवाला (निवृत्त):
झालं की. उपग्रहाच्या चित्रात आंबे दिसले, पत्रा दिसला नाही. पाहणीला कुणी निघालं असेल तर वाटेत चहाला थांबलं. हे काही जगावेगळं नाही. मुंबईच्या 2015 च्या प्रारूप आराखड्यात इतक्या चुका निघाल्या की सरकारने तो पुन्हा करायला लावला. सुधारित प्रारूप 2016 ला आला, मंजुरी 2018 ला. तिथे ओरडायला मोठमोठे लोक होते, तुमच्याकडे तुम्हीच आहात.

हरकतीची सुरुवात इथूनच करा: ईएलयू चुकीचा आहे. सोबत सातबारा (विहिरीची नोंद असेल तर ते पान आवर्जून), मोजणी नकाशा, घरपट्टीची पावती, जुनं वीजबिल, फोटो.

मग रस्ता. 18 गुणिले 45 म्हणजे 810 चौरस मीटर, 8 गुंठे एकट्या तुमच्याकडून. उत्तरेच्या बांधाला पाणंद आहे का?

बावीसगुंठे:
आहे. बैलगाडीची जुनी, सहाएक मीटर असेल.

पेन्सिलवाला (निवृत्त):
मग रस्ता त्या पाणंदीवर सरकवा म्हणावं आणि वाढीव 12 मीटर दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे घ्या. तुमचे 8 गुंठ्यांचे पावणेतीन होतात. शेजारी चिडेल, त्याला आधी भेटा.

क्रीडांगणाचं "उठवा" एवढंच लिहिलंत तर समिती विचारते, मग टाकू कुठे? जवळपास झेडपी शाळेचं मैदान, सरकारी गट, गायरान काही असेल तर गट नंबरासकट सुचवा. आणि त्या पिवळ्या पट्टीचं जरूर लिहा. जेमतेम 10 मीटर खोल, पुढे क्रीडांगण, जायला वाट नाही. तिथे बांधायचं काय?

शेवटी "समक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एक बारनिशीत (आवक टेबलावर) द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नगरसेवकाच्या हातात देऊन येऊ नका. नियोजन समितीत तीन जण नगरपरिषदेच्या स्थायी समितीतले आणि जास्तीत जास्त चार नगररचना संचालकांनी नेमलेले असतात. बोलताना त्या चौघांकडे बघून बोला. तिथे मान्य झालं तरी अंतिम मंजुरी शासनाची, तेव्हा पुढच्या प्रसिद्धीवरही डोळा ठेवा.

हरकतनघेतलेला:
ताई, चुलत्यांना माझं उदाहरण सांगा. आमच्या वडिलांनीही "आपोआप उठेल" म्हणून हरकत घेतली नाही. दहा वर्षं बांधकाम परवानगी नाही, बँक दारात उभी करत नाही, बहिणीच्या लग्नाला तुकडा विकायला काढला तर आरक्षण ऐकून गिऱ्हाईक पळालं. मग कळलं की आपोआप काही उठत नाही, कलम 127 ची, म्हणजे 'जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा' अशी, नोटीस द्यावी लागते. दिली. वर 24 महिने वाट. तेविसाव्या महिन्यात साहेबांना आमच्या जागेचं प्रेम आठवलं.

पेन्सिलवाला (निवृत्त):
बरोबर. आणि ती दहा वर्षं प्रारूपापासून नव्हे, अंतिम आराखडा अंमलात आल्या तारखेपासून मोजतात. नोटिसीनंतरची मुदत पूर्वी 12 महिने होती, 2015 च्या दुरुस्तीने 24 झाली. मालकीची कागदपत्रं नोटिसीसोबतच जोडायची, नाहीतर तिथेच अडवतात. तेविसाव्या महिन्यात नुसता ठराव केला असेल तर वकिलाला दाखवा. नुसता ठराव म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात म्हटलंय.

बावीसगुंठे:
काल दिली. शिक्का, आवक क्रमांक, सगळं मिळालं. पाणंदीपलीकडचे तात्या आधी भडकले, मग कळलं की रस्ता सरकला तर त्यांच्या गोठ्याला वाट मिळते. आता त्यांनीही वेगळा अर्ज दिलाय, रस्ता पाणंदीवरच घ्या म्हणून. दादांनी तुमचा निरोप वाचला आणि विचारतायत, आंब्यांच्या फांद्या छाटू का, म्हणजे पत्रा वरून दिसेल.

पेन्सिलवाला (निवृत्त):
अजिबात नको. जागा बघायला कुणी आलंच तर त्याच सावलीत खाट टाका.