युद्धकाळात नेत्याचे कोणते गुण खरोखर कामी येतात?

फोंडेकर: नमस्कार मंडळी. इथे फोंड्यात कॉलेजच्या मुलांची वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय वरचाच. ‘खंबीर’, ‘धाडसी’ ही विशेषणं सगळेच वापरतात. प्रत्यक्ष निर्णयांतून दिसतील असे गुण सांगाल का? गोव्याचं उदाहरण असल्यास उत्तमच.

मांडवीकाठ: वाईट बातमी ऐकून घेण्याची तयारी हा मी पहिला गुण मानतो. तो नसला की काय होतं, ते गोव्यानेच पाहिलंय. भारतीय फौजा गोव्यात शिरण्याच्या तोंडावर, १४ डिसेंबर १९६१ रोजी, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना कळवलं: शरणागती नाही, सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील, निदान आठ दिवस तग धरा. इथे लढाऊ विमान एकही नव्हतं आणि फौज साडेतीन हजारांच्या आसपास. आठ दिवस मागितले ते जगाकडून भारतावर दबाव आणायला वेळ मिळावा म्हणून. इथल्या बळाशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता. १९ तारखेच्या रात्री वासालोंनी शरणागती पत्करून माणसं वाचवली, तर लिस्बनने त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं. मुळात एप्रिलमध्येच विरोधात गेलेल्या संरक्षणमंत्र्याला हटवून सालाझारने ते खातं स्वतःकडे घेतलं होतं. ‘हे जमणार नाही’ म्हणणार कोण?

साळ नदी: याच्या उलट १९७१. एप्रिलमध्ये लष्करप्रमुख माणेकशॉ म्हणाले, आत्ता चढाई नको: पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतात, रणगाडे अडकतात, थंडीत मात्र हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात आणि चीनची धास्ती कमी होते. इंदिरा गांधींनी ते मानलं, पण मधले महिने वाया घालवले नाहीत. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार, मग पाश्चात्त्य देशांचा दौरा. १६ डिसेंबरला ढाका पडलं आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी. कुठे थांबायचं हे ठाऊक असणं मला फार मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं.

डोंगरवाट: थांबण्याइतकीच घाईचीही वेळ ओळखावी लागते. १९६२ च्या चीन युद्धात लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत. १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाईदलाला तिथल्या तिथे परवानगी दिली आणि पठाणकोटहून विमानं त्याच संध्याकाळी उडाली. त्यातली चार व्हॅम्पायर विमानं पडली. तरीही निर्णय फिरवला नाही.

मांडवीकाठ, एक भर घालतो. संरक्षण खातं चर्चिलनेही स्वतःकडेच ठेवलं होतं, त्यामुळे दोष नुसत्या खात्यात शोधू नये. त्याच्यासमोर ब्रिटिश लष्करप्रमुख अ‍ॅलन ब्रुक तोंडावर वाद घालत आणि तरी पदावर राहत. शिवाय चर्चिलचे आदेश लेखी असत. तातडीच्या कागदावर ‘आजच्या आज कृती’ अशी चिठ्ठी लागे.

फोंडेकर, मुलांना एकेक निर्णय घेऊन तीन गोष्टी तपासायला सांगा: हुकूम काय होता, तो पार पाडायला हाताशी काय होतं, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं.