मदत हवी आहे: ३१ डिसेंबरला आठ जणांसाठी बीफ फॉन्ड्यू करायचंय, पण तेल फेसाळतं आणि मांस तळायच्या ऐवजी उकडतं

नमस्कार मंडळी,

मी मूळची वसईची, गेली सहा वर्षं बर्नमध्ये राहते. बीफ आमच्याकडे लहानपणापासून शिजतं, पण ते रश्श्याचं, तासभर मंद आचेवर ठेवलेलं. टेबलाच्या मध्यभागी गरम तेलाचं भांडं ठेवून प्रत्येकाने आपापला तुकडा काट्याला टोचून तळायचा, हा फॉन्ड्यू बुर्गिन्योन नावाचा प्रकार मी इथे आल्यावरच पाहिला.

तोही आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडे. माझी मुलगी झाली तेव्हा घरून कोणी येऊ शकलं नाही. त्या आजी महिनाभर रोज दुपारी सूप घेऊन वर यायच्या. या मार्चमध्ये त्या गेल्या. दर ३१ डिसेंबरला त्यांच्याकडे हेच जेवण असायचं. परवा आजोबांनी आजींचं लाल एनॅमलचं भांडं, सहा लांब काटे आणि स्पिरिटची शेगडी आम्हाला आणून दिली, म्हणाले, माझ्याने आता हे होणार नाही. म्हणून यंदा त्यांना आणि त्यांच्या मुलीच्या कुटुंबाला आमच्याकडे बोलावलंय. ते पाच, आम्ही दोघं आणि आमची चार वर्षांची लेक. मला हे नीट जमायला हवंय.

गेल्या शनिवारी दोघांपुरतं करून पाहिलं. फ्रीझरमधलं मांस सोडवून त्याचे तुकडे केले, मीठ, व्हिनेगर आणि आईने दिलेला बाटलीचा मसाला चोळून तासभर ठेवले. सूर्यफुलाच्या तेलात चवीसाठी थोडं लोणी घातलं. पहिले दोन तुकडे टाकताच तेल फसफसून काठापर्यंत आलं, मी घाबरून आच कमी केली. नंतरचे तुकडे राखाडी झाले, रंगच येईना. मसाला तळाशी जळला, तेल कडू झालं. बेअर्नेझ सॉसही फुटला, लोणी वेगळं आणि अंडं वेगळं.

कुठे चुकलं? मांस कोणतं आणि किती घेऊ? सोबत काय ठेवू? आजींच्या टेबलावर सात-आठ वाट्या असायच्या, त्यातली पिवळी गोडसर करीची वाटी तेवढी मला आठवते.

---

प्रतिसाद १, झ्युरिकहून

ताई, मी इथे वीस वर्षं आहे आणि दर हिवाळ्यात दोन-तीनदा हे करतो. तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ एकच आहे: पाणी. फ्रीझरमधून सोडवलेलं मांस पाणी सोडतं. मीठ लावून ठेवलं की आणखी सोडतं. व्हिनेगर म्हणजे बहुतांश पाणीच. लोण्यातही पाणी असतं आणि दुधाचा अंश असतो, फेस त्याचाच. हे पाणी गरम तेलात गेलं की त्याची वाफ होते, तेल उसळतं आणि त्याची उष्णताही त्यातच जाते. तेल गार झालं की मांस स्वतःच्या रसात उकडतं. राखाडी रंग त्याचा.

त्यामुळे मांस ताजं घ्या. दोन ते अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, रेषांना आडवे कापलेले. जेवणाआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढा आणि कागदी रुमालाने एकेक तुकडा दाबून टिपा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी गंमत तिथेच ठरते. मीठ, मसाला काहीही नाही. मीठ तळून झाल्यावर ताटात.

तेल १८० ते १९० अंशांवर हवं. तापमापक नसेल तर पावाचा छोटा चौकोन टाका, साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात सोनेरी झाला तर तेल तयार. धूर यायला लागला तर जास्त तापलंय, ताबडतोब आच बंद करा. रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा इथे तळणासाठी मिळणारं ‘होल रॅप्स’ म्हणजे मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल उत्तम. लोण्याचा वास हवाच असेल तर आपलं साजूक तूप दोन चमचे घाला, त्यात पाणी उरलेलं नसतं. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही.

मांसाबद्दल: फिले सर्वात मऊ, पण आठ जणांना भारी पडेल. बुचरकडे रिंड्सहुफ्त, म्हणजे गाईच्या पुठ्ठ्याचं मांस, मागा आणि बुर्गिन्योनसाठी हवंय असं सांगा, तो कापूनही देतो. मोठ्या माणसाला २०० ते २५० ग्रॅम धरा, मुलांना निम्मं. रश्श्याचं मांस, म्हणजे पायाचं किंवा खांद्याचं, इथे चालत नाही. त्याला मऊ व्हायला तास लागतात आणि इथे तुमच्याकडे एक मिनिट आहे.

---

प्रतिसाद २, लोझानहून

भांड्याबद्दल आणि शेगडीबद्दल लिहिते, कारण मला तिथेच काळजी वाटली.

लाल एनॅमलचं धातूचं भांडं असेल तर योग्य आहे. ही भांडी वर निमुळती असतात, शिंतोडे कमी उडावेत म्हणून. चीज फॉन्ड्यूचं मातीचं काकलों मात्र तेलासाठी कधीच वापरू नका, ते तडकू शकतं. एनॅमल कुठे उडालंय का तेवढं पाहून घ्या.

स्पिरिटची जुनी शेगडी मी वापरणार नाही, तुम्हीही वापरू नका. मध्येच ज्योत मंदावते आणि कोणीतरी गरम शेगडीत स्पिरिट ओततं, त्यातून भडका उडतो. जुनी शेगडी आठवण म्हणून ठेवा. तेल टेबलावरच तापवायचं असेल तर छोटी विजेची किंवा इंडक्शनची शेगडी घ्या. भांड्याला लोहचुंबक चिकटतो का पाहा, चिकटला तर इंडक्शनवर चालेल. गरम तेल स्वयंपाकघरातून उचलून आणायची वेळही मग येत नाही. वायर टेबलाच्या मागून न्या आणि जमिनीला चिकटपट्टीने चिकटवा. चार वर्षांची मुलगी आहे ना, तिला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवा आणि तिचे तुकडे तुम्हीच तळा.

भांड्याचं झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतलाच तर वीज बंद करून झाकण टाकायचं. पाणी कधीही नाही.

आणि आठ जणांना एक भांडं पुरत नाही. एका वेळी चार काट्यांपेक्षा जास्त पडले की तेल गार होतं. दुसरं भांडं कोणाकडून तरी मागून आणा.

---

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचं हे गणित मला कुणी सांगितलंच नव्हतं. लोहचुंबक चिकटतोय! दुसरं भांडं ऑफिसमधली मैत्रीण देतेय. आता सॉसचं सांगा. आणि बाटलीच्या मसाल्याला या जेवणात जागाच नाही का?

---

प्रतिसाद ३, मडगावहून

आहे की. मसाला तेलात जळतो, वाटीत नाही. एक चमचा मसाला थोड्या तेलात मंद आचेवर परता, वास सुटला की उतरवा, गार होऊ द्या आणि मेयोनेझमध्ये घाला. लिंबू पिळा. आमच्याकडे अंडरकटचे, म्हणजे बीफच्या सर्वात मऊ भागाचे, तुकडे तव्यावर परतून अशाच वाटीबरोबर खातो, झकास लागतात.

---

प्रतिसाद ४, झ्युरिकहून पुन्हा

आजींची पिवळी वाटी बहुतेक अशी: निम्मं मेयोनेझ, निम्मं क्रेम फ्रेश (आंबटसर दाट साय) किंवा क्वार्क (चक्क्यासारखं असतं), एक-दीड चमचा करी पावडर, अननसाचे अगदी बारीक तुकडे आणि डब्यातला थोडा रस. आदल्या दिवशी करून ठेवा, रात्रीत चव मुरते. मेयोनेझ विकतचं घ्या. आजोबा वयस्क आहेत, लहान मुलं आहेत, कच्च्या अंड्याचं घरचं मेयोनेझ या दिवशी नको.

बाकी वाट्यांत टार्टर सॉस, लसणाचं मेयोनेझ, केचप आणि मेयोनेझचा गुलाबी कॉकटेल सॉस, क्रीममध्ये मिसळलेलं हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ). यातले तीन केलेत तरी पुरे.

बेअर्नेझ फुटतो तो जास्त उष्णतेने किंवा लोणी घाईने ओतल्याने. बारीक चिरलेला शॅलट कांदा, टॅरागॉनचा सुवासिक पाला आणि व्हिनेगर आटवून गाळून घ्या. तीन पिवळे बलक आणि हा अर्क एका वाडग्यात घेऊन गरम पाण्याच्या भांड्यावर फेटा. पाणी उकळायला नको, नुसतं वाफाळतं हवं. बलक दाटसर झाले की खाली उतरवून दीड-दोनशे ग्रॅम वितळलेलं लोणी आधी थेंबथेंब, मग बारीक धारेने. फुटलाच तर टाकू नका. स्वच्छ वाडग्यात एक बलक आणि चमचाभर पाणी घेऊन तसंच वाफेवर फेटा आणि फुटलेला सॉस त्यात हळूहळू घाला, पुन्हा जुळून येतो.

---

प्रतिसाद ५, पुण्याहून

वाचूनच भूक लागली. इथे महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, तर हे चिकनचं करता येईल का? आणि फॉन्ड्यू म्हणजे वितळलेलं चीज ना?

---

प्रतिसाद ६, लोझानहून

शब्द फ्रेंचमधल्या ‘वितळणे’ या क्रियापदावरून आलाय, पण बुर्गिन्योनमध्ये काहीच वितळत नाही. बुर्गिन्योन म्हणजे बर्गंडीचं. अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय केला तो न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट चालवणाऱ्या कोनराड एग्ली या स्विस माणसाने, १९५०च्या दशकात. चिकन चालतं, पण तुकडे लहान करा आणि आतून पूर्ण पांढरे होईपर्यंत तळा. बीफसारखं मध्ये गुलाबी ठेवायचं नाही. बोकडाचं मटण नको, एवढ्या वेळात ते चिवटच राहतं.

धागाकर्तीताई, सोबतीला सालासकट उकडलेले छोटे बटाटे, बगेत पाव, व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या आणि कांदे आणि न्युस्लीसलाट (छोट्या पानांचं हिरवं सॅलड) ठेवा. तेलाच्या जेवणाला आंबट हवंच. कच्च्या मांसाचं ताट वेगळं, खायचं ताट वेगळं. लांब काट्याने तोंडात घालू नका, टोक भाजतं. साधा काटा प्रत्येकाला द्या. अर्ध्या मिनिटात आतून लाल राहील, एक मिनिटात गुलाबी, दोन मिनिटांत पूर्ण शिजेल.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद, १ जानेवारी

मंडळी, जमलं!

दीड किलो हुफ्त घेतलं, थोडं उरलं. दुपारभर मी आणि नवरा तुकडे टिपत बसलो होतो. पहिला तुकडा पडला तेव्हा तेल नुसतं तडतडलं, वर आलं नाही, आणि मिनिटभरात बाहेरून छान तपकिरी. साडेआठच्या सुमारास दोन्ही भांड्यांत तेल गार पडायला लागलं, तेव्हा सगळ्यांना पाच मिनिटं काटे खाली ठेवायला लावले, तेवढ्यात सॅलड खाल्लं. बेअर्नेझ पुन्हा फुटला होता, बलकाची युक्ती केली आणि तो खरंच जुळला.

आजोबांनी पिवळी वाटी चाखली आणि म्हणाले, ती अननसाऐवजी पीच घालायची. मग मला मसाल्याची वाटी पुढे करायला सांगितली आणि शेवटपर्यंत स्वतःजवळच ठेवली. पीचचं आता वहीत लिहून ठेवलंय.

एक शेवटचं विचारते: दोन्ही भांड्यांतलं मिळून दीड लिटर तेल उरलंय. पुन्हा वापरता येईल का?

---

प्रतिसाद ७, झ्युरिकहून

वा, फार बरं वाटलं वाचून. मांसाचे कण असलेलं तेल मी तरी पुन्हा वापरत नाही. पूर्ण गार होऊ द्या, गाळून बाटलीत भरा आणि शहराच्या एन्टझोर्गुंग्सहोफवर, म्हणजे कचरा जमा करायच्या केंद्रावर, जुन्या तेलाच्या पिंपात ओता. बेसिनमध्ये नको, पाइप तुंबतात.