रॅम खराब आहे हे कसं ओळखलंत, कशी बदललीत? – अनुभव धागा

विंडोज पुन्हा टाकलं, डिस्क बदलली, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलला आणि शेवटी दोष निघाला रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या) एका स्टिकमध्ये, म्हणजे पट्टीत, असं फार वेळा होतं. लक्षण काय, तपासलं कसं, बदलताना काय आडवं आलं, हे नेमकेपणाने लिहा. सुरुवात मी करतो.

खराब रॅमची खूण म्हणजे दर वेळी वेगळा एरर. आज निळ्या पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', परवा नुसताच ब्राउझर बंद पडतो. ड्रायव्हरचा दोष असेल तर बहुधा एकाच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येतं. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) आला आणि तीच झिप थोड्या वेळाने नीट उघडली, तर आधी रॅम तपासा.

एक कळकळीची विनंती. संशय आल्यावर त्या मशीनवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू नका, बॅकअपही घेऊ नका. चेकडिस्क डिस्कवरच्या नोंदी रॅममध्ये आणतं, सुधारतं आणि परत लिहितं. मधे एक बिट उलटला तरी धडधाकट फोल्डर हातचं जातं. डिस्क काढा, दुसऱ्या मशीनला लावा आणि तिथे कॉपी करा.

* * *

डिस्प्लेच येत नसेल तर बीप ऐका. बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अमी कंपनीचा असेल तर ३ छोटे बीप, अवॉर्ड असेल तर लांब बीप वाजतच राहतो. हल्लीच्या बोर्डांवर बहुधा स्पीकर नसतो, पण बऱ्याच बोर्डांवर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा असतो. तो पेटून राहिला तर गाडी रॅमपाशी अडली आहे.

लगेच नवी रॅम घेऊ नका. पॉवरची केबल काढा, पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, मग स्टिक काढा. सोनेरी पिनांवर काळपट थर दिसला तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. खोडरबराचा चुरा ब्रशने नीट झटका, नाहीतर तोच स्लॉटमध्ये जाऊन बसतो. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की खालचा धातू गंजायला लागतो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर हे आणखी लवकर होतं.

* * *

मशीन चालू होत असेल तर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून बूट करा, म्हणजे मशीन सुरू करा. विंडोजमधली मेमरी डायग्नॉस्टिक सोपी आहे, पण तिच्या 'दोष नाही' वर विसंबू नका. तीच वापरायची तर टेस्ट सुरू असताना एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा.

किमान ४ फेऱ्या होऊ द्या, म्हणजे रात्रभर. काही दोष चिप तापल्यावरच दिसतात, त्यामुळे पहिली फेरी स्वच्छ गेली म्हणून उठू नका. इथे पास होण्याइतके मार्क नसतात. एक एरर आला तरी नापास.

बूटसाठी सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून सुरू होण्याला असलेली बायोसमधली बंदी) बंद करावं लागलं तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. नंतर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा कुलपात अडकतो.

* * *

वरच्या टेस्टआधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा. डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) ची ३२०० वेगाची किट, म्हणजे एकत्र विकलेल्या स्टिक, तेव्हा २१३३ किंवा २४००वर चालते. त्या वेगाला एरर थांबले तर स्टिक मेलेली नाही, ती त्या बोर्डावर वाढीव वेग पेलत नाही एवढंच.

* * *

एरर आला म्हणजे स्टिकच गेली, असं नाही. एका वेळी एकच स्टिक लावा. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटपासून सुरुवात करा. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. एरर स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब. स्टिक बदलूनही एरर त्याच स्लॉटमध्ये राहिला तर स्लॉट, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन. इंटेलच्या सॉकेटमध्ये कूलर एका बाजूने जास्त आवळला तरी अख्खा चॅनेल (रॅमकडे जाणारा एक मार्ग) गायब होतो. स्क्रू थोडे सैल करून तिरपे-आलटून पुन्हा कसा. हे न बघता बऱ्याच चांगल्या स्टिक भंगारात जातात.

* * *

लॅपटॉपवाल्यांसाठी. मागचं झाकण काढल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच रॅमला हात. स्टिक साधारण ३० अंशात तिरकी पूर्ण आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही क्लिप 'टक्' करून बसल्या पाहिजेत. सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसली तर तिरकी बसली आहे, जोर लावू नका.

रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर बदलणं घरचं काम नाही. दोष एकाच ठिकाणी असेल तर तेवढा भाग सिस्टिमला टाळायला सांगता येतो. लिनक्समध्ये बूटच्या पर्यायांतून, विंडोजमध्ये 'बॅड मेमरी' यादीतून. विंडोजला पेजचा (मेमरीच्या छोट्या तुकड्याचा) क्रमांक लागतो, म्हणून मेमटेस्टने दिलेल्या हेक्स (१६ च्या पायाच्या) पत्त्यातले शेवटचे ३ अंक गाळायचे (पेज ४०९६ बाइटचं असतं). पण हा तात्पुरता टेकू आहे, दोष पसरू शकतो.

* * *

खरेदीचं. डेस्कटॉपची डीडीआर३ म्हणजे २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ म्हणजे २८८ आणि १.२. डीडीआर५लाही २८८च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकमेकांत बसत नाहीत. लॅपटॉपला हेच आकडे २०४, २६० आणि २६२. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जुनी डीडीआर३ स्वस्तात मिळते, पण 'फक्त एएमडी' वाली स्टिक इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. चिपांची रचना विचारून घ्या.

वॉरंटीत द्यायची असेल तर स्टिकर सोलू नका, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो जोडा. जोडीची किट असेल तर बहुधा दोन्ही स्टिक मागतात.

डीडीआर५ नवी बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहतो. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी वेळ जुळवून घेत असतो. तेवढ्यात घाबरून स्विच बंद करू नका, १०–१५ मिनिटं थांबा.