पहिलीच युरोपीय क्रूझ: कोणत्या बंदरावर जहाजाची सहल घ्यावी आणि कुठे स्वतः जावे?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण, म्हणजे आई-बाबा, मी, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी, भूमध्य समुद्रातील क्रूझवर जाणार आहोत. बार्सिलोनाला जहाजावर चढायचे आणि मार्सेय, लिव्होर्नो, चिव्हितावेक्किया व नेपल्स करून पुन्हा बार्सिलोनालाच उतरायचे, असा मार्ग आहे. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी युरोप पाहिलेला नाही.

बाबांनी निपाणीच्या हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवला. फळ्यावर खडूने कलोसियमचा लंबगोल काढून ते रोमचा धडा सुरू करत असत, आणि ती वास्तू एकदा प्रत्यक्ष पाहावी एवढी एकच इच्छा त्यांनी आमच्याकडे बोलून दाखवली आहे. मात्र त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. आई पूर्ण शाकाहारी आहे.

जहाज कंपनीच्या सहली पाच माणसांच्या हिशेबाने फार महाग पडतात, आणि स्वतः फिरावे तर जहाज चुकेल ही धास्ती वाटते. लिव्होर्नोच्या दिवशी पिसा आणि फ्लॉरेन्स, तर रोमच्या दिवशी कलोसियम आणि व्हॅटिकनची संग्रहालये पाहावीत, असा आमचा बेत आहे. रोमचा दिवस मेमधल्या दुसऱ्या रविवारी येतो, आणि त्या दिवशी जहाज सकाळी ७ ते संध्याकाळी ७ बंदरात थांबते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (खानापूर)

नमस्कार. मी अकरा वर्षे क्रूझ जहाजांवर खानपान विभागात नोकरी केली आणि ही चारही बंदरे अनेकदा पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दिवसाचा हिशेब जहाज सुटण्याच्या वेळेवरून न करता, सर्व प्रवाशांनी परत येण्याच्या वेळेवरून उलटा करत यावा. जहाज ७ ला सुटणार असेल तर ही वेळ साधारण साडेसहा किंवा त्याहूनही आधीची असते आणि ती रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते. सकाळीही जहाज धक्क्याला लागल्याबरोबर उतरता येत नाही, कारण बंदराची परवानगी मिळेपर्यंत थोडा वेळ जातो. म्हणजे कागदावरचे बारा तास हातात दहा-साडेदहाच उरतात.

चिव्हितावेक्किया हे रोमचे बंदर म्हटले जाते खरे, पण रोम तिथून सुमारे ७५ ते ८० किलोमीटरवर आहे. जहाज निपाणीला लागले आणि आपल्याला बेळगावचा किल्ला पाहायचा आहे, असे समजा. धक्क्यावरून बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचेपर्यंत, तिथून दुसऱ्या बसने स्टेशनवर, पुढे रोम तेर्मिनीपर्यंत सव्वा तासाच्या आसपास रेल्वे, आणि मग मेट्रोच्या बी मार्गाने दोन स्थानके, एवढे केल्यावर कलोसियम समोर येते. गाडीची वाट पाहणे धरून एका बाजूला दोन ते अडीच तास जातात. सकाळी आठला निघालात तर साडेदहाला पोहोचाल, आणि दुपारी तीनला परतीची वाट धरावी लागेल. म्हणजे पाहायला साडेचार तास मिळतात आणि त्यातच जेवण आले.

एवढ्या वेळेत दोन मोठी ठिकाणे बसवू नका. शिवाय व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो प्रश्न आपोआपच सुटला. बाबांचे कलोसियम नीट होऊ द्या. तिकिटे वेळ ठरवून आणि नावानिशी मिळतात व प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागतात, तेव्हा जहाजावर पासपोर्ट ठेवून घेतले असतील तर आदल्या दिवशीच स्वागतकक्षात विचारून ठेवा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी आत लिफ्ट आहे.

रोमसाठी मात्र मी जहाजाच्याच व्यवस्थेने जा असे सांगेन. जहाजाची सहल परतायला उशीर झाला तर जहाज तिची वाट पाहते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही आणि पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावे लागते. बहुतेक कंपन्या मार्गदर्शकाशिवाय केवळ जाण्या-येण्याची बसही देतात, जी पूर्ण सहलीपेक्षा बरीच स्वस्त असते. ती शहरात कुठे सोडते हे आरक्षणापूर्वी विचारा, कारण अनेकदा ती व्हॅटिकनजवळ थांबते आणि तिथून कलोसियम गुडघा दुखणाऱ्या माणसाने चालत जावे इतके जवळ नाही. टॅक्सी करताना पाच माणसांची मोठी गाडी मागा. साध्या टॅक्सीत चौघांनाच घेतात.

मार्सेयची चिंता करू नका. क्रूझचा धक्का शहरापासून दूर आहे, पण जुन्या बंदरापर्यंत बस मिळते आणि तिथून ६० क्रमांकाची बस नोत्र-दाम द ला गार्दच्या टेकडीवर चढते.

उत्तर २ (निपाणी)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे आणि लिव्होर्नोबद्दलचा माझा अनुभव जोडतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको तिथून स्वतःच रेल्वेने फ्लॉरेन्सला गेलो आणि परतताना वाटेत पिसा पाहायचे ठरवले होते. फ्लॉरेन्सच्या स्टेशनवर परतीच्या गाडीपुढे आधी १५, मग ३५ आणि नंतर ५० मिनिटे उशीर असे आकडे बदलत गेले. पिसा राहिले. लिव्होर्नोचा धक्का मालवाहू बंदरात असल्यामुळे आत पायी जाऊ देत नाहीत, आणि शहरातून सुटणारी बस आम्हाला पाठमोरी दिसली. टॅक्सीने धक्क्यावर उतरलो तेव्हा शेवटची अकरा मिनिटे उरली होती आणि पत्नीला रडू आवरत नव्हते. त्या दिवशी पाहिलेला कॅथेड्रलचा घुमट आम्हाला आज आठवत नाही, स्टेशनवरचा तो फलक तेवढा आठवतो.

आई-बाबांना घेऊन आपण फक्त पिसाला जावे. रेल्वेने जेमतेम वीस मिनिटे लागतात, म्हणजे बेळगावहून खानापूरला जाण्याइतकेच अंतर आहे. मनोऱ्यावर आठ वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत, पण आपली मुलगी नऊ वर्षांची असल्याने वडिलांबरोबर चढू शकेल. आजी-आजोबांनी तोवर खालच्या हिरवळीजवळ बसावे.

उत्तर ३ (शहापूर, बेळगाव)

दादा, नेपल्सविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते. तिथे जहाज थेट शहराच्या मध्यात लागते, त्यामुळे स्वतः फिरण्यासाठी या मार्गावरचे तेच सर्वांत सोयीचे बंदर आहे. गारिबाल्दी स्टेशनावरून चिर्कुमवेसुवियाना रेल्वेने पॉम्पेई सुमारे चाळीस मिनिटांवर आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे गाव आपल्या बाबांना कलोसियमइतकेच आवडेल, याची मला खात्री वाटते. रस्त्याच्या काळ्या दगडांत रथ-गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या अजून तशाच आहेत. मी खाली बसून एकीत हात घातला तर चार बोटे आत गेली, आणि लहानपणी पाहिलेली आमच्या मळ्याकडची गाडीवाट आठवली.

पण तेच दगड गुडघ्याला फार जड जातात. त्यासाठी पियात्सा अँफितेआत्रो या बाजूच्या दारातून आत जावे. तिथून चाकाची खुर्चीही जाऊ शकेल असा सपाट मार्ग तीन किलोमीटरहून अधिक लांब आखलेला आहे. हे दार रेल्वे स्टेशनच्या दारापासून लांब आहे, म्हणून पाच माणसांत एक गाडी ठरवून नेपल्सहून थेट तिथपर्यंत गेलात तर रेल्वेतले उभे राहणेही वाचेल.

आईंच्या जेवणाची काळजी नको. नेपल्स हे मार्गेरिता पिझ्झाचेच गाव आहे आणि त्यात टोमॅटो, चीज व तुळशीच्या जातीची पाने एवढेच असते. घरून चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी अवश्य न्यावी. कुंदा मात्र नेऊ नये, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणण्यास मनाई आहे. मी पाव किलो बांधून घेतला होता, तो निघण्याआधी मुंबईत बहिणीकडे ठेवावा लागला.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. फ्लॉरेन्स रद्द केले आहे. रोमला जहाजाची केवळ जाण्या-येण्याची बस, पिसाला रेल्वे आणि पॉम्पेईला ठरवलेली गाडी, असे नक्की झाले. व्हॅटिकनचे बाबांना काल सांगितले, तेव्हा त्यांनी जुनी वही काढून टायटसची कमान कलोसियमच्या किती जवळ आहे ते मला दाखवले. उद्यापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालणार आहोत. गुडघा एका दमात किती वेळ साथ देतो ते पाहायचे आणि त्याप्रमाणे कलोसियमच्या तिकिटाची वेळ निवडायची, असे ठरले आहे.